ठराव वॉशिंग्टनच्या संमतीने, जवान आपले: शांतिसेना नेमकी कोणाच्या जोरावर उभी असते?

प्रश्न असा आला आहे: संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेच्या खर्चातला सर्वांत मोठा वाटा अमेरिकेचा, तिच्या संमतीशिवाय एकही ठराव मंजूर होत नाही, पण निळं हेल्मेट घातलेला अमेरिकी सैनिक जवळजवळ कुठेच दिसत नाही. मग शांतिसेना म्हणजे अमेरिकेच्या परराष्ट्र धोरणाचं हत्यार आहे का? आणि तसं असेल, तर भारताने आपली माणसं तिथे का पाठवावीत?

मी सैन्यात असताना काँगोच्या उत्तर किवू प्रांतात स्टाफवर काम केलं आहे. पुढे शांतिसेनेत जाणाऱ्या तुकड्यांच्या तयारीचं कामही बरीच वर्षं केलं. त्यावरून माझं मत असं बनलं आहे की शांतिसेना अमेरिकेच्या मालकीची नाही. पण ठराव झाल्यानंतर अमेरिका, किंवा त्या भागात वजन असलेला दुसरा बडा देश, आपली राजकीय ताकद त्यामागे लावतो की नाही, यावर मोहिमेचं नशीब ठरतं. सैनिक किती आणि बजेट किती, हे त्यानंतर येतं.

बांधाच्या मोजणीला मोजणीदार येतो तेव्हा त्याच्या हातात फक्त नकाशा आणि यंत्र असतं. त्याने ठोकलेली खुंटी कोणी उपटत नाही, कारण मागे तहसील आहे आणि पोलीस ठाणं आहे. निळ्या हेल्मेटचं तसंच आहे. फरक इतकाच की इथे मागचं ठाणं कधी उघडं असतं, कधी बंद, आणि ते आपल्या हातात नसतं.

ठाणं उघडं होतं तेव्हा काय झालं, ते आधी पाहू. ऑक्टोबर १९५६ च्या अखेरीस इस्रायलने सिनाईवर हल्ला केला आणि पाठोपाठ ब्रिटन व फ्रान्सने सुएझ कालव्यासाठी इजिप्तवर चाल केली. सुरक्षा परिषदेत ब्रिटन आणि फ्रान्सने नकाराधिकार वापरून ठराव अडवले. तेव्हा प्रकरण आमसभेच्या तातडीच्या अधिवेशनात नेलं गेलं. ही वाट अमेरिकेनेच १९५० मध्ये सोव्हिएत नकाराधिकाराला वळसा घालण्यासाठी मंजूर करून घेतली होती. सहा वर्षांनी ती तिच्याच दोस्तांविरुद्ध वापरली गेली आणि अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर मागे हटले नाहीत. ब्रिटिश पौंड गडगडत होता, लंडनला नाणेनिधीचा आधार हवा होता, आणि सैन्य माघारी घेतल्याशिवाय तो मिळणार नाही हे वॉशिंग्टनने स्पष्ट केलं. कॅनडाचे परराष्ट्रमंत्री लेस्टर पिअर्सन यांनी सुचवलेली आणि सरचिटणीस डाग हॅमरशोल्ड यांनी काही दिवसांत उभी केलेली पहिली सशस्त्र शांतिसेना १५ नोव्हेंबरला इजिप्तमध्ये उतरू लागली. निळ्या टोप्या शिवायला वेळ नव्हता, म्हणून अमेरिकी हेल्मेटची आतली प्लॅस्टिकची कवचं निळ्या रंगाने फवारून सैनिकांना दिली. ब्रिटिश आणि फ्रेंच सैन्य २२ डिसेंबरला बाहेर पडलं होतं. या सेनेत भारताची बटालियन होती, आणि पुढे लेफ्टनंट जनरल ग्यानी व मेजर जनरल रिख्ये यांनी तिचं नेतृत्वही केलं. पण सुमारे सहा हजार हलक्या शस्त्रांच्या सैनिकांना पाहून दोन साम्राज्यं परत गेली, असं कोणी समजू नये. ती गेली पौंडाच्या भीतीने. शांतिसेनेने त्यांना मान न गमावता बाहेर पडायची वाट दिली, आणि हे तिचं काम तिने फार चांगलं केलं.

त्याच्या तीन वर्षं आधीचं कोरियाचं उदाहरण मराठी वाचकाला जवळचं वाटेल. ती तांत्रिकदृष्ट्या संयुक्त राष्ट्रांची शांतिसेना नव्हती, कारण संयुक्त राष्ट्रांच्या झेंड्याखाली अमेरिकाच तिथे एक पक्ष म्हणून लढत होती. जुलै १९५३ च्या युद्धविरामानंतर मायदेशी परतायला नकार देणारे बावीस हजारांहून जास्त चिनी आणि उत्तर कोरियाई कैदी भारतीय दलाच्या ताब्यात आले. तटस्थ राष्ट्रांच्या आयोगाचे अध्यक्ष भारताचे लेफ्टनंट जनरल थिमय्या होते, आणि प्रत्यक्ष कैदी सांभाळणाऱ्या दलाचे प्रमुख आपले कोल्हापूरकडचे मेजर जनरल शंकरराव थोरात. दक्षिण कोरियाचे अध्यक्ष सिंगमन ऱ्ही भारतीयांना आपल्या भूमीवर पाय ठेवू द्यायला तयार नव्हते. मग अमेरिकी हेलिकॉप्टरांनी भारतीय जवानांना समुद्रावरून थेट निर्लष्करी पट्ट्यात नेलं. कैद्यांनी एका भारतीय अधिकाऱ्याला आत धरून ठेवलं तेव्हा थोरात स्वतः त्यांच्या आवारात शिरले आणि बोलणी करून त्याला बाहेर आणलं. ते धैर्य थोरातांचं. पण ती हेलिकॉप्टरं उडाली नसती तर दल तिथवर पोहोचलंच नसतं. अमेरिकेला तो युद्धविराम मनापासून हवा होता, म्हणून ती उडाली.

आता उलटी बाजू. यावर मी जास्त वेळ घेणार आहे, कारण आजच्या शांतिसेनेवरचे बहुतेक व्रण १९९३ ते १९९५ या दोन वर्षांतले आहेत.

डिसेंबर १९९२ मध्ये अमेरिकेने सोमालियात दुष्काळग्रस्तांपर्यंत अन्न पोहोचवण्यासाठी मोठं सैन्य उतरवलं. मे १९९३ मध्ये तिने ती जबाबदारी संयुक्त राष्ट्रांकडे सोपवली. काम आधीपेक्षा कितीतरी मोठं झालं होतं, टोळ्यांना निःशस्त्र करायचं आणि देश उभा करायचा, पण हाताशी असलेली ताकद कमी झाली होती. ५ जूनला मोगादिशूत २४ पाकिस्तानी शांतिसैनिक मारले गेले. परिषदेने दोषींना पकडण्याचा ठराव केला, आणि टोळीप्रमुख मोहम्मद फराह ऐदीदचा शोध सुरू झाला. ३ ऑक्टोबरच्या ज्या कारवाईत १८ अमेरिकी सैनिक गेले, ती कारवाई अमेरिकी रेंजर्स आणि डेल्टा पथकाची होती. तिचे आदेश अमेरिकी साखळीतून आले होते, संयुक्त राष्ट्रांच्या सेनापतीकडून नव्हेत. अडकलेल्या अमेरिकी जवानांना बाहेर काढायला रात्री ज्या चिलखती गाड्या गेल्या, त्या मलेशियन आणि पाकिस्तानी होत्या. तरीही अमेरिकेत राजकीय खापर फुटलं ते संयुक्त राष्ट्रांवर. क्लिंटन यांनी मार्च १९९४ अखेरपर्यंत सैन्य परत आणण्याची घोषणा केली. त्याच ऑक्टोबर १९९३ मध्ये हैतीच्या बंदरात एक अमेरिकी जहाज धक्क्यावर जमलेला सशस्त्र जमाव पाहून माघारी फिरलं. बैदोआ भागात आपली ब्रिगेड तेव्हा नुकतीच जम बसवत होती. आपल्या माणसांनी तिथे विहिरी, शाळा, जनावरांचे दवाखाने यांवर मेहनत घेतली. जगाच्या आठवणीत मात्र मोगादिशूची ती एक रात्र राहिली.

तारखा नीट पाहा. मोगादिशूची लढाई ३ ऑक्टोबरची. ५ ऑक्टोबरला सुरक्षा परिषदेने रवांडासाठी शांतिसेना मंजूर केली, अडीच हजारांच्या आसपास माणसांची. इतका वाईट मुहूर्त क्वचितच कुठल्या मोहिमेच्या वाट्याला आला असेल. जानेवारी १९९४ मध्ये सेनापती रोमेओ दालेर यांनी न्यूयॉर्कला कळवलं की शस्त्रसाठे लपवले जात आहेत आणि अल्पसंख्य तुत्सी समाजाला मारण्याची तयारी चालू आहे. छापे घालायची परवानगी मिळाली नाही. ७ एप्रिलला बेल्जियमचे दहा सैनिक मारले गेले आणि बेल्जियमने माघार घेतली. वॉशिंग्टनचा पहिला कल तर सगळीच सेना काढून घेण्याकडे होता. २१ एप्रिलला परिषदेने एकमताने संख्या २७० वर आणली. रोज हजारो माणसं कापली जात असताना!

मे १९९४ च्या पहिल्या आठवड्यात क्लिंटन यांनी शांतिसेनेबाबतच्या नव्या धोरणावर सही केली. अध्यक्षांचा निर्णय-आदेश क्रमांक २५ म्हणून ते ओळखलं जातं. या धोरणाचा पहिला खर्डा १९९३ मध्ये सुरू झाला तेव्हा सूर शांतिसेनेला बळ देण्याचा होता. मोगादिशूनंतर तो पार बदलला. अमेरिकेने ठरावाला मत देण्यापूर्वीच प्रश्न विचारायचे ठरले: आपलं हित काय, उद्दिष्ट स्पष्ट आहे का, पैसे आहेत का, शेवट कधी. स्वतंत्रपणे पाहिले तर हे प्रश्न चुकीचे नाहीत, मीही विचारीन. पण रवांडात त्यांचा उपयोग दार लावून घ्यायला झाला. १७ मे रोजी परिषदेने साडेपाच हजारांची नवी सेना मंजूर केली. तिच्यासाठी अमेरिकेकडून मागितलेल्या चिलखती गाड्यांच्या भाडेकराराच्या अटींवर आठवडे गेले, आणि गाड्या कामाला येईपर्यंत जुलैच्या मध्यावर नरसंहार संपलाही होता. सुमारे आठ लाख माणसं गेली. अमेरिकी प्रवक्ते तोवर ‘नरसंहार’ हा शब्दच थेट वापरायचं टाळत होते, कारण तो वापरला तर काहीतरी करावं लागेल अशी भीती होती. दालेर आणि घानाचे ब्रिगेडियर हेन्री अन्यिदोहो यांनी मात्र जाण्यास नकार दिला. साधारण साडेचारशे माणसांनी राजधानी किगालीत राहून स्टेडियममध्ये आणि हॉटेलांत हजारो जीव वाचवले. ज्यांना वाटतं की मूठभर शांतिसैनिक काही करू शकत नाहीत, त्यांनी हे लक्षात ठेवावं. मार्च १९९८ मध्ये क्लिंटन किगालीला गेले, विमानतळावरच काही तास थांबले आणि आपण पुरेसं केलं नाही असं बोलले.

बोस्नियात हेच थोड्या वेगळ्या रीतीने घडलं. तिथल्या सेनेचे पहिले सेनापती लेफ्टनंट जनरल सतीश नंबियार, मराठा लाइट इन्फन्ट्रीचे. ते वर्षभराने परतल्यानंतर १९९३ मध्ये परिषदेने सहा ‘सुरक्षित क्षेत्रं’ जाहीर केली. ती खरोखर राखायला ३४,००० सैनिक लागतील असा सचिवालयाचा अंदाज होता. मंजूर झाले ७,६००. अमेरिकेने ठरावाला मत दिलं, जमिनीवर माणूस दिला नाही. जुलै १९९५ मध्ये स्रेब्रेनित्सात आठ हजारांहून अधिक पुरुष आणि मुलं मारली गेली. त्याच वर्षअखेरीस युद्ध थांबवणारा डेटन करार झाला आणि नाटोचे ६०,००० सैनिक उतरले, त्यातले सुमारे २०,००० अमेरिकी. भूमी तीच, लढणारे गट तेच. आता मागे वॉशिंग्टन होतं.

हे सगळं जुनं झालं असं वाटत असेल तर काँगोकडे या. २० नोव्हेंबर २०१२ रोजी एम-२३ या बंडखोर गटाने गोमा शहर घेतलं. शांतिसेना शहरात होती. काँगोची फौज पळाली, आणि जिला पाठिंबा द्यायचा ती फौजच उरली नाही तेव्हा आमच्या लोकांनी काय करायचं, याचं उत्तर मँडेटमध्ये, म्हणजे परिषदेने मोहिमेला दिलेल्या अधिकारपत्रात, नव्हतं. त्या वेळी भारतीय ब्रिगेडवर जी टीका झाली ती मला आजही अन्यायाची वाटते. उत्तर किवूचा नकाशा पाहा: डोंगर, जंगल, पावसात वाहून जाणारे रस्ते, एकेका कंपनीच्या तळाभोवती दिवसभर चालूनही न संपणारा मुलूख. सकाळी ज्या गावात गस्त घातली तिथे रात्री हल्ला व्हायचा. गावकरी दुसऱ्या दिवशी तळाच्या तारेपाशी येऊन उभे राहायचे, आणि त्यांच्या प्रश्नांना तोंड देणारा असायचा विशी-पंचविशीतला लेफ्टनंट. त्याच्याकडे दुभाषा एक, वाहनं मोजकी आणि गोळी कधी चालवायची याचे नियम मात्र पानंच्या पानं.

एम-२३ ला रवांडाकडून मदत मिळते हे संयुक्त राष्ट्रांच्याच तज्ज्ञ गटाने लिहून ठेवलं होतं. तळावरच्या कोणाही जवानाला त्यावर इलाज नव्हता. इलाज राजधान्यांत होता. जुलै २०१२ मध्ये अमेरिकेने रवांडाची अवघी दोन लाख डॉलरची लष्करी मदत थांबवली. रक्कम क्षुल्लक, पण किगालीला इशारा कळला, आणि ब्रिटन, जर्मनी, नेदरलँड्सनीही हात आखडता घेतला. डिसेंबरमध्ये ओबामांनी रवांडाचे अध्यक्ष कागामे यांना फोन केला. मार्च २०१३ मध्ये परिषदेने दक्षिण आफ्रिका, टांझानिया आणि मलावीच्या सैनिकांची, हल्ला करण्याचा अधिकार असलेली ब्रिगेड मंजूर केली. नोव्हेंबर २०१३ मध्ये एम-२३ संपला. बरेच जण याचं श्रेय त्या ब्रिगेडच्या तोफांना देतात. तोफांचा भाग होताच. पण सीमेपलीकडची रसद आटली नसती तर त्या तोफा डोंगरावर वर्षानुवर्षं धडाडत राहिल्या असत्या. जानेवारी २०२५ मध्ये एम-२३ ने गोमा पुन्हा घेतलं. तीच शांतिसेना तिथे होती, पण मागचं ते दडपण वेळेवर आलं नाही. जूनमध्ये वॉशिंग्टनमध्ये काँगो आणि रवांडा यांच्यात करार झाला, त्यात अमेरिकेला तिथल्या खनिजांत रस आहे हे उघड आहे. मला त्या रसाचं वावडं नाही. हित असेल तर निदान लक्ष राहील. मात्र करारावर सही करून घेणारा देश तो मोडणाऱ्याला किंमत मोजायला लावतो की नाही, हे पाहावं लागेल.

पैशाबद्दल थोडक्यात. शांतिसेनेचं वार्षिक बजेट साधारण साडेपाच अब्ज डॉलरच्या घरात असतं. त्यात अमेरिकेवर आकारलेला वाटा सुमारे २६ टक्के, चीनचा आता जवळपास २४ टक्के. पण अमेरिकी संसदेने १९९४ मध्ये कायदा करून आपली वर्गणी २५ टक्क्यांवर रोखली, त्यामुळे थकबाकी साचत जाते. ती साचली की संयुक्त राष्ट्रं सैनिक देणाऱ्या देशांची भरपाई लांबवतात, म्हणजे प्रत्यक्षात भारत, बांगलादेश, नेपाळ, रवांडा हे देश बड्यांना उधार देतात. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये तर पैशाअभावी शांतिसैनिकांची संख्या चतुर्थांशाने कमी करण्याची वेळ आली. हे अमेरिकेच्याही हिताचं नाही. तिच्याच संसदेच्या हिशेब तपासणी कार्यालयाने २०१८ मध्ये दाखवलं की मध्य आफ्रिकी प्रजासत्ताकातलं काम अमेरिकेने स्वतः केलं असतं तर सुमारे ५.७ अब्ज डॉलर लागले असते. संयुक्त राष्ट्रांनी ते २.४ अब्जांत केलं आणि त्यात अमेरिकेचा वाटा होता सुमारे ०.७ अब्ज.

हा दोष एकट्या अमेरिकेचा नाही, हेही सांगायला हवं. २००२ मध्ये आपल्या सैनिकांना आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयापासून संरक्षण मिळावं म्हणून अमेरिकेने बोस्नियातल्या मोहिमेच्या मुदतवाढीवर नकाराधिकार वापरला, हे खरं. पण मॅसिडोनियाने तैवानला मान्यता दिली म्हणून फेब्रुवारी १९९९ मध्ये चीनने तिथली मोहीम बंद पाडली, आणि तीही प्रतिबंधक मोहिमेचा उत्तम नमुना असलेली. जून २००९ मध्ये रशियाने जॉर्जियातली मोहीम संपवली. फ्रान्स आपल्या जुन्या वसाहतींबद्दलच्या ठरावांचे खर्डे स्वतःच लिहितो, आणि १९९७ पासून शांतिसेना विभागाचा प्रमुख सतत फ्रेंचच आहे.

आता भारताचं. आजवर आपले सुमारे १८० जवान शांतिसेनेत गेले, कोणत्याही देशापेक्षा जास्त. कॅप्टन गुरबचन सिंग सलारिया यांना परमवीरचक्र मिळालं ते काँगोत, १९६१ मध्ये. इतकं देऊनही मँडेटचा खर्डा लिहिला जातो तेव्हा आपण त्या खोलीत नसतो. महिन्याला एका सैनिकामागे मिळणाऱ्या सुमारे चौदाशे डॉलरसाठी आपण जातो हा आरोप मला मान्य नाही. बटालियनची तयारी, साहित्य, तिच्या बदल्यात देशात करावी लागणारी सोय, हे सगळं धरलं तर त्यात फायदा फारसा नाही. आपण जातो कारण आफ्रिकेशी आपलं नातं आहे, कारण नियमांनी चालणारं जग आपल्या हिताचं आहे, आणि कारण तारेपाशी येऊन उभं राहिलेलं माणूस वाचवणं हे सैनिकाचं काम आहे. म्हणून माझं उत्तर ‘पाठवावीत’ असंच आहे.

पण अटींवर. संयुक्त राष्ट्रांच्या सनदेतलं ४४ वं कलम सांगतं की परिषदेबाहेरच्या देशाचं सैन्य वापरण्याचा निर्णय घेताना त्या देशाला हवं असल्यास निर्णयात सहभागी करून घ्यावं. २००१ च्या ठराव १३५३ मध्ये सैनिक देणाऱ्या देशांशी सल्लामसलतीची पद्धतही लिहिलेली आहे. प्रत्यक्षात मात्र ठराव मंजूर होण्याच्या एक-दोन दिवस आधी बैठक घेऊन तोंडदेखली माहिती दिली जाते. भारताने इथे हट्ट धरायला हवा. २०२१ मध्ये परिषदेवर असताना आपण शांतिसैनिकांवर हल्ले करणाऱ्यांना शिक्षा व्हावी यासाठी ठराव २५८९ आणला आणि तो एकमताने झाला, म्हणजे नेट लावला तर जमतं. त्यापुढे जाऊन, सैनिक निश्चित होईपर्यंत ठराव खर्डा म्हणूनच ठेवावा ही शांतिसेनेच्या कामाचा आढावा घेणाऱ्या २००० सालच्या ब्राहिमी समितीची शिफारस आपण प्रत्येक मोहिमेच्या वेळी पुढे करायला हवी.

आणि एक गोष्ट सनदेत किंवा ठरावात कुठेच लिहिलेली नसते. बंडखोरांना शेजारच्या देशातून रसद येऊ लागली तर तिथल्या अध्यक्षांना फोन कोण करणार, आणि त्यांनी ऐकलं नाही तर कोणती मदत थांबवणार? हे वॉशिंग्टनला, पॅरिसला, आणि आता बीजिंगलाही, आपल्या राजदूतांनी समोर बसून विचारायचं असतं, बटालियनचं विमान दिल्लीहून उडण्यापूर्वी.